मागून बसणारी गाडी : काम करून आणल्यावर दोन महिन्यांत पुन्हा तेच का होतं?

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे का ते कळेल. गाडी रिकामी उभी असताना बाजूनं पाहिली की मागची बाजू किंचित टेकल्यासारखी दिसते. मागच्या सीटवर तिघं बसले आणि डिकीत दोन पिशव्या पडल्या की गतिरोधकावर पोट घासतं. पुढची चाकं उतरतात, मध्येच खर्र आवाज येतो आणि मागचं चाक चढताना धप्पकन आदळतं. रात्री समोरून येणारा उगाच डिपर मारतो, कारण आपले दिवे त्याच्या डोळ्यांत जातात. सगळ्यात वैतागाची गोष्ट म्हणजे मिस्तरीकडून काम करून आणलं की महिना-दोन महिने गाडी शहाण्यासारखी उभी राहते आणि मग हळूहळू पुन्हा बसते.

माझी गाडी चार मीटरच्या आतली डिझेल सेडान, २०१४ ची. घर लातूरला, शेत औशाच्या पुढं, आणि शेवटचे दीड किलोमीटर पाणंद. आमची काळी रान-माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ट्रॅक्टरनं एकदा चाकोरी पाडली की ती वाळून दगडासारखी होते आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला भिडतो. डांबरी सडकेवर ज्याला दोन सेंटिमीटर कमी-जास्त कळतही नाही, त्याला या वाटेवर एक सेंटिमीटरही कळतो.

तीन वेळा पैसे घालवून मग कुठं दुखणं सापडलं. पहिल्या दोन्ही वेळा काम करणाऱ्यानं आणि मी एकच चूक केली होती. गाडी किती बसली हे कुणीच मोजलं नव्हतं. नजरेनं पाहिलं, "हां, उचलली बघा" म्हटलं आणि पैसे दिले.

टेप घ्या, मिस्तरी नंतर

जमिनीपासून मडगार्डपर्यंतचं माप घेऊ नका. त्यात टायर किती झिजला, हवा किती आहे, जमीन कुठं खचलीय हे सगळं मिसळतं. चाकाच्या टोपीच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. हवा ३० असो की ३५, हे माप फारसं हलत नाही, कारण टायर बसला तर चाकाचा मध्य आणि मडगार्ड दोन्ही सोबतच खाली येतात. टेप सरळ धरण्यासाठी मी गवंड्याचा ओळंबा वापरला. मडगार्डच्या कडेवरून दोरा सोडायचा, तो मध्यबिंदूवरून जातो का पाहायचं.

जागा सपाट हवी. आमच्या अंगणातली फरशी डोळ्याला सपाट वाटायची. गवंड्याची पाण्याची नळी लावली तर एका बाजूला दीड सेंटिमीटर उतार निघाला. पाणी वाहून जावं म्हणून तो मीच ठेवायला सांगितला होता! शेवटी मोजमाप पेट्रोल पंपाच्या छताखाली, पहाटे गर्दी नसताना केलं.

मोजण्याआधी गाडी जॅकवरून उतरवलेली नसावी. उतरवल्यावर चाकं आत-बाहेर ताणून बसतात आणि गाडी एक-दोन सेंटिमीटर उंच दिसते. दहा-पंधरा मीटर पुढं-मागं चालवा, पुढून आणि मागून दोन-तीनदा दाबून सोडा, हँडब्रेक न लावता उभी करा, मग मोजा. डिकी रिकामी, टाकी निम्मी, आत कुणी नाही.

माझी मापं अशी आली. पुढं उजवीकडं ३६२ मिलिमीटर, डावीकडं ३६४. मागं उजवीकडं ३४६, डावीकडं ३३८. ही बरोबर की चूक हे कळायला तुलना हवी. आमच्या गल्लीत एका सरांकडं हेच मॉडेल आहे, तेही डिझेल, फक्त शाळा आणि घर एवढंच फिरलेलं. त्यांची परवानगी काढून त्याच जागी मोजलं. पुढं ३६८ आणि ३६७, मागं दोन्हीकडं ३७२. म्हणजे माझी गाडी पुढून पाचेक मिलिमीटर आणि मागून तब्बल २६ ते ३४ मिलिमीटर बसलेली. इतके दिवस "दोन बोटं बसली" म्हणत होतो, आता आकडा हातात आला.

मागच्या दोन बाजूंत ८ मिलिमीटरचा फरक आहे हेही लक्षात ठेवा. तो पुढं उपयोगी पडतो.

शॉकअप गाडी उचलून धरत नाही

पहिल्या खेपेला स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचे बफर घातले होते. दुसऱ्या खेपेला सांगण्यात आलं, "शॉकअप गेलेत साहेब, दोन्ही टाका, गाडी उभी राहते बघा." टाकले. गाडी झोके खायची थांबली ते खरं, कारण जुने खरंच गळत होते. उंचीत फरक तीन-चार मिलिमीटर, तोही गॅसचे शॉकअप असल्यामुळं. आतल्या गॅसचा दाब दांड्याला थोडा बाहेर ढकलतो एवढंच. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम स्प्रिंगचा झोका आवरण्याचं. बसलेली गाडी उचलायला शॉकअप बदलणं म्हणजे बैलगाडीचं जू मोडलं आणि आपण वेसण बदलली.

स्प्रिंगचं काय होतं ते मला एका जुन्या उस्तादांनी समजावलं. "भाऊ, स्प्रिंग बसते म्हणजे मऊ होत नाही. आखूड होते." पोलाद तेच, तारेची जाडी तीच, वेटोळी तेवढीच, म्हणून तिचा कडकपणाही तोच राहतो. कमी होते ती मोकळी लांबी. गाडी खाली येते, शॉकअपच्या दांड्यावरच्या रबरी ठोकळ्याशी अंतर कमी उरतं आणि खड्ड्यात तो ठोकळा लवकर आदळतो. म्हणून बसलेली गाडी मऊ वाटायच्या ऐवजी जास्त ठोकर देते. "गाडी कडक झालीय, मग स्प्रिंग चांगली असणार" हा तर्क इथं उलटा पडतो.

माझ्या स्प्रिंगा आखूड कशानं झाल्या हे मला माहीत आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तो उन्हाळा आठवतो ना? शेतातल्या बोअरला घागरभर का होईना पाणी येत होतं. दोन-अडीच महिने मी रोज डिकीत वीस लिटरचे आठ जार भरून आणत होतो. पाणीच १६० किलो. आणि डिकी मागच्या चाकांच्याही मागं असते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,४५० मिलिमीटर आणि जार मागच्या चाकापासून साधारण ५०० मिलिमीटर मागं धरले, तर तरफेच्या हिशेबानं मागच्या ॲक्सलवर १९० किलोच्या वर भार येतो आणि पुढचा तीसेक किलोनं हलका होतो. त्यावर औशाकडची वाट. रोज तळाला ठेचून स्प्रिंग दोन बोटं आखडली तर तिचा दोष नाही. साठ लिटरची पोलादी सीएनजी टाकी कायमची डिकीत ठेवणाऱ्यांनीही हाच हिशेब करावा. रिकामी टाकीच साठ किलोच्या आसपास असते आणि ती कधी उतरवली जात नाही.

रबराच्या बफरांबद्दल

हे बफर दोन वेटोळ्यांत अडकवले की तेवढी वेटोळी कामातून जातात. उरलेल्या वेटोळ्यांवर सगळा भार आल्यानं स्प्रिंग कडक होते आणि गाडी दहा-पंधरा मिलिमीटर उचलते. भार असताना बरं वाटतं, रिकामी गाडी मात्र घोड्यासारखी उधळते. अलाइनमेंट बिघडत नाही, काढून टाकता येतात, स्वस्त आहेत. एवढ्या गुणांमुळं लोक घालतात आणि मी त्यांना नावं ठेवत नाही.

पण काळ्या मातीच्या मुलखात त्यांचा एक दोष दिसतो. पावसाळ्यात चिखल बफर आणि तारेच्या फटीत शिरतो, तिथंच वाळतो आणि रबर हलेल तसा सँडपेपरसारखा घासतो. रंग गेला की गंज, आणि गंजाच्या खड्ड्यापासून तडा. माझे बफर काढले तेव्हा उजव्या स्प्रिंगवर बोटभर पट्टा पूर्ण उघडा पडला होता. ज्यांनी घातले असतील त्यांनी पावसाळ्यानंतर एकदा काढून, धुऊन पाहावं.

नव्या स्प्रिंगा घातल्या तरी डावी बाजू पुन्हा का बसली

या लेखाचं खरं कारण हेच. तिसऱ्या खेपेला दोन्ही मागच्या स्प्रिंगा नव्या घातल्या. त्या दिवशी मागं ३७४ आणि ३७५ भरलं. मी खूश. दोन महिन्यांनी उजवीकडं ३६९ आणि डावीकडं ३५६.

नवी स्प्रिंग पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये चार-पाच मिलिमीटर खाली येते, ते धरून चाला. उजवीकडचं माप त्यात बसतं. डावीकडं १९ मिलिमीटर कमी, ते मात्र बसत नाही. दुकानदार म्हणाला, स्प्रिंग खराब निघाली असेल, दुसरी घ्या. घेतली असती तर चौथ्यांदा फसलो असतो.

उस्तादांनी आधी एक साधी परीक्षा केली. गाडीच्या पुढच्या आडव्या क्रॉसमेंबरच्या बरोबर मध्याखाली ट्रॉली जॅक लावला आणि पुढची चाकं जमिनीवरून सुटतील एवढी गाडी उचलली. आता पुढचा भाग एकाच बिंदूवर तोललेला. अशा वेळी मागचा कल गेला तर दोष पुढच्या बाजूला, राहिला तर मागच्या. हे कळायला हवं, कारण चौकोनी खाटेसारखंच गाडीचं असतं. एक पाय आखूड झाला की कुरकूर समोरच्या कोपऱ्यातून येते. पुढची उजवी स्प्रिंग बसली तर मागचा डावा कोपराही हलतो. आमच्या गाडीचा कल तसाच राहिला, म्हणजे दोष मागंच. जॅकवर गाडी असताना कुणी खाली शिरायचं नाही आणि मागच्या चाकांना दगड लावलेले हवेत, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

मग चाक काढलं. दोन गोष्टी निघाल्या.

पहिली, स्प्रिंगच्या खालच्या टोकाची जागा. बसकणीत एक खोबण असते, तारेचं कापलेलं टोक त्या खोबणीच्या अडीला, म्हणजे शेवटच्या पायरीला, टेकायला हवं. मध्ये रबरी पॅड असतो. बसवताना जुनाच, फाटलेला पॅड वापरला होता आणि टोक अडीपासून दीड-दोन इंच लांब राहिलं होतं. स्प्रिंग चढावर बसली होती म्हणा ना. गाडी चालता चालता ती फिरत फिरत खाली घसरली, पॅड चुरगाळला आणि उंची गेली. उजवीकडं नशिबानं टोक बरोबर बसलं होतं. स्प्रिंगा बदलताना वरचे-खालचे पॅड नवे घ्या. स्प्रिंगच्या किमतीपुढं ते किस झाड की पत्ती, पण दुकानातून कुणी आठवणीनं आणत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून लपलेली. मागचा आडवा बीम गाडीच्या बॉडीला दोन मोठ्या रबरी बुशांनी जोडलेला असतो. त्या बुशाची आतली नळी बोल्टानं आवळून धरलेली असते, बाहेरची बीमला, आणि बीम वर-खाली होतो तेव्हा मधलं रबर पिळतं. बोल्ट कुठल्या स्थितीत आवळला, ती स्थिती म्हणजे त्या रबराचा आराम. आमच्या मिस्तरीनं गाडी घोड्यांवर (उचललेल्या गाडीखाली लावायच्या लोखंडी तिवयांवर) असताना, चाकं हवेत लोंबत असताना बोल्ट आवळले. म्हणजे रबराला वाटतं की लोंबणं हीच आपली विश्रांती. गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि पीळ सोडवण्यासाठी गाडीला वर ढकलत राहतं. म्हणून पहिल्या दिवशी ३७५ दिसलं. त्यातले काही मिलिमीटर स्प्रिंगचे नव्हतेच, बुशाच्या पिळाचे होते. पुढं डाव्या बुशाचं रबर फाटलं आणि उधारीची उंची परत गेली.

हा दोष बाहेरून दिसत नाही. "काम केल्यावर उंच, दोन महिन्यांत खाली" हे लक्षण असेल तर आधी याच्याकडं बघा. उपाय फुकटचा आहे. बुशाचे बोल्ट आधी फक्त हातानं लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, थोडी हलवायची आणि खड्ड्यावर किंवा रॅम्पवर उभी करून चाकांवर वजन असतानाच शेवटचे आवळायचे. पुढच्या लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, बुशांनाही हाच नियम. मिस्तरीला सांगताना नम्रपणे सांगा. माझ्या अनुभवात "पुस्तकात लिहिलंय" म्हटलं की काम आणखी घाईत उरकतं.

दोन्ही बुश, चारही पॅड नवे, स्प्रिंगा त्याच. तीनशे किलोमीटरनंतर मागं ३६८ आणि ३६७.

स्प्रिंग विकत घेताना एक काळजी. एकाच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल आणि वेगवेगळ्या प्रकारांना वेगवेगळ्या स्प्रिंगा असू शकतात. डिझेलचं इंजिन जड, म्हणून पुढं हा फरक जास्त. तारेवर रंगाचे ठिपके किंवा पट्टे असतात, तीच त्यांची ओळख. डाव्या-उजव्या स्प्रिंगवर एकच खूण आहे का पाहा, भाग क्रमांक पावतीवर लिहून घ्या आणि नेहमी जोडीनंच बदला. भंगारातून आणलेली जोडी बहुतेक वेळा दोन वेगळ्या गाड्यांची निघते.

मग पुढची बाजू खाली दिसायला लागते

मागची बाजू जागेवर आली की डोळ्याला वाटतं, आता गाडी नाकावर पडली. चार जण तसं म्हणतात आणि आपणही पुढं स्पेसर घालायला निघतो. थांबा, पुन्हा टेप काढा. माझं पुढचं माप ३६२ आणि ३६४ होतं, सरांच्या गाडीपेक्षा चार-पाचच मिलिमीटर कमी. स्ट्रटच्या, म्हणजे पुढच्या शॉकअप आणि स्प्रिंगच्या एकत्र जोडणीच्या, वरचं रबरी माउंटिंग दबलं होतं. बोनेट उघडून वरून पाहिलं आणि कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला लावलं, तर माउंटिंग उचलल्यासारखं होत होतं. माउंटिंग आणि बेअरिंग बदललं, ३६७ आलं. पुढच्या स्प्रिंगला हात लावायची गरज पडली नाही.

माझ्या पुतण्यानं मात्र त्याच्या गाडीत पुढं २५ मिलिमीटरचे ॲल्युमिनिअमचे स्पेसर स्ट्रटच्या डोक्यावर घातले. गाडी रुबाबदार दिसायला लागली, हे मान्य. मग कॅम्बर धनाकडं गेला, म्हणजे चाकांची वरची बाजू बाहेर झुकली. तिथल्या टाय रॉडनं टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते, जुळवता येतो, पण त्या गाडीला कॅम्बर जुळवायची सोयच नाही. टायर बाहेरच्या कडेनं खायला लागले. चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढला, त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटचा रबरी बूट ताणला गेला आणि वर्षभरात वळणावर कटकट सुरू झाली. शिवाय स्ट्रट वरून ढकलला की खड्ड्यात चाक लोंबताना ते पूर्वीपेक्षा २५ मिलिमीटर जास्त खाली जातं आणि बॉल जॉइंट, ब्रेकचा होज सगळ्यांना तेवढं ताणावं लागतं.

स्प्रिंगखाली पॅकिंग घातलं तर वेगळं गणित. शॉकअपची लांबी तीच राहते, गाडी वर येते, म्हणून चाकाचा खाली सुटण्याचा प्रवास तेवढा कमी होतो. चाकोरीत एक चाक हवेत राहायला लागतं. मागच्या बीमवर आणखी एक मेख आहे. स्प्रिंग चाकापाशी नसते, बिजागरी आणि चाक यांच्या मध्ये असते. बिजागरीपासून स्प्रिंग ३०० मिलिमीटरवर आणि चाक ४०० वर असेल, तर १० मिलिमीटरच्या पॅकिंगनं गाडी १३ मिलिमीटर उठते. "एक इंच पॅकिंग टाकलं तर सव्वा इंचाच्या वर कसं आलं?" या प्रश्नाचं उत्तर हेच.

एकीकडची उंची बदलली की दुसरीकडं काय होतं, तेही कागदावर करून बघा. मागं २५ मिलिमीटर उचललं तर पोटाच्या मध्यावर साडेबाराच मिळतात. पुढचा बंपर पुढच्या चाकाच्याही पुढं लटकलेला, तो सात-आठ मिलिमीटर खालीच जातो. दिव्यांचा झोत दहा मीटरवर दहा सेंटिमीटर खाली येतो. मागं बसलेली गाडी याच्या उलट, समोरच्याच्या डोळ्यांत झोत टाकते. डॅशबोर्डावर दिव्यांची चकती असते, ० पासून ३ किंवा ४ पर्यंत. भार असेल तेव्हा ती फिरवा. आमच्याकडं निम्म्या लोकांना ती कशाची हेच माहीत नाही. मीही चार वर्षं ती वायपरची समजत होतो.

काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला एक दांडी जोडून ब्रेकचा व्हॉल्व्ह चालवलेला असतो. मागं भार किती हे त्याला बॉडी आणि ॲक्सलमधल्या अंतरावरून कळतं. बॉडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचे ब्रेक कमी करतो. पिकअपवाल्यांनी हे विशेष पाहावं.

पाट्यांच्या गाड्या

पिकअप आणि जीपच्या मागं पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, असतात, त्यांचं दुखणं सरळ असतं. कमानवाल्याकडं पाटे ठोकून कमान वाढवतात, किंवा एक पाटा वाढवतात. थंड पाटा नुसता ठोकून वाकवला तर एका ऊस हंगामात पुन्हा सपाट होतो. तापवून, पाणी देऊन केलेलं टिकतं, पण तशी भट्टी असलेला कमानवाला शोधावा लागतो. पाटा वाढवला तर यू-बोल्ट लांब घ्या, जुनेच ओढून लावू नका, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. पुढं टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) असलेल्या काही जुन्या गाड्यांत एक बोल्ट फिरवून उंची बदलते. तिथं बार कडक होत नाही, फक्त त्याची सुरुवात बदलते. चाक उचलून भार काढल्यावरच तो बोल्ट फिरवा, नाहीतर त्याचे आटे जातात, आणि नंतर अलाइनमेंट सक्तीची.

दोन गोष्टी सांगून टाकतो

पुढचा स्ट्रट घरी उघडू नका. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद असते. वरचं नट सोडण्याआधी स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लागतो, आणि सायकलच्या पान्यानं तो विषय हाताळणारी शूर माणसं मी पाहिली आहेत. मागच्या बीमच्या गाड्यांत बहुधा कॉम्प्रेसर लागत नाही. शॉकअपचे खालचे बोल्ट काढून बीम हळू खाली सोडला की स्प्रिंग हातात येते, फक्त ब्रेकचा होज ताणला जात नाही ना ते पाहा. आणि वेल्डिंगच्या दुकानात गॅसनं स्प्रिंग तापवून ताणून देणारे भेटतात. तापवली की तिचं पाणी उतरतं. ती आठवड्यात बसते, नाहीतर तुटते.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीत लिहिलेले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ तपशिलांबाबत तेच ठामपणे सांगितलं. मूळ मापाची स्प्रिंग घालून गाडी मूळ उंचीवर आणणं म्हणजे दुरुस्ती. तीन इंच उचलणं म्हणजे अपघातानंतर विम्याच्या माणसासमोर मान खाली घालणं.

एवढं करूनही आमच्या शाळेसमोरचा गतिरोधक गाडीला लागतोच, पाच जण असतील तेव्हा. त्यात गाडीचा दोष नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय. तेवढ्या रुंदीवर माझ्या गाडीची पुढची-मागची चाकं एकदमच चढलेली असतात, पोट टेकायचा प्रश्न येत नाही. आमचा हात-दीड हात रुंद आहे आणि गावकऱ्यांनी अपघातानंतर रात्रीतून घातलेला, उंची ज्याच्या घमेल्यात जेवढा माल होता तेवढी. मागं दोघं बसले की माझी गाडी २४ मिलिमीटर खाली येते, हे मोजलंय. तिथं मी तिरपं चाक घालतो, एकेक चाक चढवतो. तरी खर्र वाजलं तर मागच्यांना उतरवतो. सासरेबुवा सोडून सगळे उतरतात.

पुढचं माप पेरणी झाल्यावर घेणार आहे, तीस किलोच्या बियाण्याच्या पिशव्यांच्या खेपा संपल्या की. आकडे डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं तारखेसकट लिहून ठेवले आहेत. ३६५ च्या खाली गेलं, तर आधी डावा पॅड उघडायचा.